पॉइंट जळतात, कॉइल तापते: दोष पार्टचा की गाडीचा?

डिझेल इंजिनला ठिणगीचं इग्निशन नसतंच, त्यामुळे या वेळची उत्तरं जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्यांसाठी आहेत. नवख्यांसाठी एका ओळीत: सीबी पॉइंट हा कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, कंडेन्सर त्याची तोंडं जळण्यापासून वाचवतो, कॉइल ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज बनवते आणि डिस्ट्रिब्युटर ते एकेका प्लगला वाटतो. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यातली तक्रार अनेकांची आहे आणि तिच्यावर पैसेही सर्वांत जास्त वाया जातात.

प्रश्न : आमच्याकडे साठच्या दशकातला पेट्रोल एफसी-१५० ट्रक आहे. नर्सरीची रोपं पोहोचवायला वापरतो. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवून घेतला. त्यानंतर सीबी पॉइंटचे तीन सेट, दोन कंडेन्सर आणि दोन कॉइल बदलून झाल्या. नवीन पार्ट टाकला की महिनाभर गाडी छान चालते, मग मिसिंग सुरू होतं आणि एखाद्या दिवशी चढावर बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्री म्हणतात, हल्ली मालच डुप्लिकेट येतो. डिस्ट्रिब्युटर बदलून टाकावा का? शिवाय हेडलाइटचे बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीला पाणी फार लागतं, पण तो वेगळा विषय आहे.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : तो वेगळा विषय नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. बल्ब उडणं, बॅटरीचं पाणी आटणं आणि पॉइंट जळणं हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय जादा व्होल्टेजवर घ्यायचा. डिस्ट्रिब्युटर आत्ता विकत घेऊ नका, चौथा पॉइंट सेटही नको. साधा डिजिटल मल्टीमीटर आणि एक तास, एवढंच लागेल.

इंजिन गरम करा, हेडलाइट बंद ठेवा, ॲक्सिलरेटर थोडा दाबून इंजिन साधारण २,००० आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. १४.८ च्या वर गेलं तर चोर सापडला. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा डबा) वेगळा असेल, तर तो बहुतेक वेळा रंगवलेल्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी ठोकून देतात. अशा रेग्युलेटरला स्वतःच्या बॉडीतून अर्थ लागतो. रंगामुळे अर्थ कच्चा राहिला की त्याला व्होल्टेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि तो अल्टरनेटरला आणखी चार्ज करायला लावतो. पत्रा खरवडून चकचकीत करा आणि रेग्युलेटरच्या बॉडीपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत २.५ चौरस मिमीची स्वतंत्र वायर ओढा. मग पुन्हा मोजा. तरीही व्होल्टेज खाली आलं नाही, तरच रेग्युलेटर बदला.

आता कॉइल. चावी बंद, दोन्ही बारीक वायरी सोडवलेल्या, मीटर २०० ओमवर. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो लिहून घ्या. तो ०.२ ते ०.४ ओम असतो आणि कॉइलच्या आकड्यातून वजा करावा लागतो. लहान मापात एवढ्या फरकाने निष्कर्ष बदलतो. मग कॉइलच्या दोन लहान टर्मिनलांमध्ये मोजा. बॅलास्टशिवाय (म्हणजे करंट आवरायला कॉइलच्या ओळीत जोडलेल्या रेझिस्टरशिवाय) चालणारी १२ व्होल्टची कॉइल ३ ओमच्या आसपास दाखवते. बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल दीड ओमच्या आसपास. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात आणि दुकानात १२ व्होल्टची म्हणून दोन्ही मिळतात. फरक किती पडतो तो बघा. १४.२ व्होल्टवर ३.२ ओमची कॉइल ४.४ अँपिअर घेते. दीड ओमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर साडेनऊ अँपिअर. सीबी पॉइंटची ताकद साधारण चार अँपिअरची. साडेनऊमध्ये त्याचं तोंड निळं-काळं पडणार आणि कॉइल हात लावू देणार नाही. त्यात व्होल्टेज पंधराच्या वर असेल तर बोलायलाच नको. दीड ओमची कॉइल निघाली तर दोनच मार्ग आहेत: ३ ओमची कॉइल आणा, नाहीतर आहे तिच्यासोबत दीड ओमचा सिरॅमिक बॅलास्ट लावा. बॅलास्ट चांगला तापतो, म्हणून तो पत्र्यावर, पण वायरिंगपासून लांब बसवायचा.

जुने पॉइंट फेकले नसतील तर भिंगातून बघा, ते बरंच सांगतात. करडा, मंद रंग म्हणजे तब्येत चांगली. निळसर-काळं म्हणजे करंट जास्त. काजळीसारखा थर आणि खाली प्लेटवर तेलाचा ओरखडा असेल तर शाफ्टमधून तेल वर येतंय किंवा कुणीतरी ग्रीस फार लावलंय. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर टोक आलं असेल तर कंडेन्सरचं माप जुळत नाही. चांगला कंडेन्सर ०.१८ ते ०.२८ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असतो. कपॅसिटन्स मोजणारा मीटर आता स्वस्तात मिळतो, म्हणून दुकानातच मोजून घ्या. घरी आणल्यावर हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजा. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर आकडा कोसळला, तर तो कंडेन्सर तुमच्या गाडीत टिकणार नाही.

यानंतर व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरी आणि जोडांमध्ये वाटेत हरवणारं व्होल्टेज. हे काम गॅरेजमध्ये फारसं कुणी करत नाही आणि नेमका दोष इथेच लपतो. पॉइंट बंद स्थितीत, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना टेकलेली येतील असं इंजिन फिरवून ठेवा, चावी चालू करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नको. जास्त आला तर इग्निशन स्विच किंवा त्याच्या मागचं एखादं कनेक्टर झिजलंय. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ च्या आत. कॉइलच्या मायनसपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपर्यंतही ०.२ च्या आत. हा शेवटचा आकडा मोठा आला तर पॉइंट उचलून खालची प्लेट बघा. तिथे एक बोटभर लांबीची मऊ, विणलेली अर्थ वायर असते. व्हॅक्यूम किंवा हाताच्या ॲडजस्टमेंटने प्लेट हलते तशी ती वाकत राहते आणि आतून तुटते. वरचं कापडी आवरण शाबूत असल्याने बाहेरून ती धडधाकट दिसते. चिमट्याने हळूच ओढून बघा. मोजमाप संपलं की चावी लगेच बंद करा. पॉइंट बंद असताना चावी चालू राहिली तर ३.२ ओमच्या कॉइलमध्येही ४५ ते ५० वॅट उष्णता सतत साठत जाते. रोपं उतरवताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकायची सवय असेल, तर एक कॉइल तिथेच गेली असणार.

इंजिन रबर माउंटवर असतं, म्हणून त्याची अर्थ पट्टीही तपासा. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनसमध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा किंवा नवी टाका. पट्टी कच्ची असली की सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल कोमट लागणं ही त्याची खूण.

एफसीची एक खास अडचण आहे. इंजिन केबिनच्या मधोमध झाकणाखाली कोंडलेलं असतं. त्या झाकणाखाली, मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळांच्या) जवळ कॉइल बसवली असेल तर ती आधीच गरम हवेत काम करते आणि तिच्या स्वतःच्या उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळत नाही. कॉइल केबिनच्या पत्र्यावर हलवा, मॅनिफोल्डपासून किमान एक फूट दूर. तेल भरलेली कॉइल उभी बसवा, टर्मिनल वर. लांब झालेल्या हाय टेन्शन वायरला रबरी ग्रोमेट लावायला विसरू नका.

चढावर बंद पडण्याबद्दल मात्र थोडं सावध राहा. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा चालू होते म्हणून कॉइलच दोषी असं मानू नका. त्याच उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली तरी लक्षण अगदी हेच. पुढच्या वेळी बंद पडली की थांबून लगेच तपासा: एक जुना चांगला प्लग डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढलेल्या मधल्या वायरला (कॉइलकडून येणाऱ्या) लावा, त्याची बॉडी क्लिपने इंजिनला पक्की जोडा, कार्बोरेटरपासून लांब धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. ठणठणीत निळा करंट उडाला तर इग्निशन निर्दोष आहे. पेट्रोलची पाइप मॅनिफोल्डपासून दूर घ्या आणि पंपाला उष्णतेचा आडोसा द्या. करंट पिवळट, अशक्त किंवा नाहीच असेल, तर कॉइल गरम असतानाच मोजा. लहान टर्मिनलांमधला आकडा उडाला किंवा मधल्या टॉवरपासून (जाड वायर बसते ती जागा) लहान टर्मिनलपर्यंतचा रेझिस्टन्स अनंत दाखवला, तर आतली तार गरम झाल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकते. काही किलो-ओम, साधारण सात ते बारा, एवढा तो असायला हवा.

शेवटी डिस्ट्रिब्युटर. रोटर (कॅपखाली फिरून करंट वाटणारा तुकडा) काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खेळ हाताला जाणवत असेल तर बुश (शाफ्टला धरणाऱ्या नळ्या) गेले आहेत. खात्रीसाठी चारही लोबवर (शाफ्टवरच्या कॅमचे पॉइंट उघडणारे उंचवटे) फिलर गेजने गॅप घ्या. एका लोबवर वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि दुसऱ्यावर सोळा येत असेल, तर तो पॉइंट नीट सेट होणं शक्यच नाही. पण अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलायची गरज नसते. चांगला लेथवाला नवे बुश बसवून रीमर मारून देतो. सच्छिद्र ब्राँझचे बुश असतील तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. आणि गॅप किती, हे गाडीवरून ठरवू नका, डिस्ट्रिब्युटरवरून ठरवा. मूळ ऑटोलाइट असेल तर गॅप ०.०२० इंच, ड्वेल (पॉइंट टेकलेले राहतात तेवढा शाफ्टचा कोन) ४२ अंशांच्या आसपास. पण कित्येक गाड्यांवर नंतर लुकास पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर चढलेला असतो, त्याला ०.०१४ ते ०.०१६ इंच गॅप आणि ६० अंश ड्वेल लागतो. ऑटोलाइटला लुकासची गॅप दिली की पॉइंट जास्त वेळ बंद राहतात, कॉइल तापते आणि टायमिंगही मागे पडतं. कॅमवर ग्रीस काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढंच. अजिबात नसेल तर पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजते, गॅप आपोआप मिटत जाते आणि महिन्याभरात गाडी पुन्हा पहिल्या जागी. तुमचा 'महिनाभर छान' चालण्याचा हिशोब यातूनही लागू शकतो.

गॅप बदलली की टायमिंगही पुन्हा लावा. एफसीच्या या हरिकेन इंजिनला टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, प्लगची गॅप ०.०३० इंच. प्लगची गॅप झिजून पंचेचाळीस थाऊवर गेली तर कॉइलला उगाच जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं आणि ते रोटरमधून किंवा कॉइलच्या इन्शुलेशनमधून वाट फोडतं.

मिस्त्रींचं म्हणणं अर्धं खरं आहे, वाईट माल बाजारात भरपूर आहे. पण तीन पॉइंट आणि दोन कॉइल ओळीने जळाल्या तर आधी गाडी तपासायची, मग दुकानदाराशी भांडायचं.

प्रश्न : पॉइंटच्या कटकटीला कंटाळून पेट्रोल जीपला इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं. पहिलं मॉड्यूल मागच्या बॉडीचं वेल्डिंग केल्यावर आठवडाभरात गेलं, दुसरं असंच एका संध्याकाळी. चोरीच्या भीतीने बॅटरीला मेन स्विच लावलाय, गाडी उभी केली की आधी तो बंद करतो. पुन्हा पॉइंटवर जाऊ का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दोन्ही मॉड्यूलांची कारणं तुम्हीच लिहिली आहेत. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची दोन्ही टोकं, अल्टरनेटरच्या वायरी आणि मॉड्यूलचं सॉकेट काढलेलं असलंच पाहिजे आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावायची. क्लिप चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावली की वेल्डिंगचा करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे इंजिन आणि वायरिंगमधूनही परततो.

मेन स्विचचं दुखणं त्याहून मोठं आहे. इंजिन चालू असताना बॅटरी तोडली की अल्टरनेटरच्या व्होल्टेजला आवर घालणारं काही उरत नाही. क्षणभर ते कितीतरी पटीने उसळतं. पॉइंटला त्याने काही होत नाही, ट्रान्झिस्टरला होतं. म्हणून आधी चावी, इंजिन पूर्ण थांबलं की मगच मेन स्विच. हा क्रम गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा आणि शक्य असेल तर स्विच ड्रायव्हरच्या हाताशी ठेवूच नका. बॅटरीचं टोक सैल असेल तरी खड्ड्यात आदळताना हाच प्रकार घडतो.

तिसरं मॉड्यूल लावण्याआधी आणखी तीन गोष्टी. किटच्या कागदावर कॉइलचा किमान ओम दिलेला असतो, त्यापेक्षा कमी ओमची कॉइल नको. मॉड्यूल धातूवर बसत असेल तर खालचा पृष्ठभाग स्वच्छ करून थर्मल पेस्टचा पातळ, सलग थर द्या. नुसतं कोरडं बसवलेलं मॉड्यूल आपल्याच उष्णतेने मरतं आणि साधं बेअरिंग ग्रीस त्या जागी चालत नाही. नुसत्या तांब्याच्या प्लग वायरी असतील तर ५ किलो-ओमच्या सप्रेसर कॅप किंवा रेझिस्टर प्लग लावा, कारण उघड्या तांब्यातून निघणारा व्यत्यय किटच्या सेन्सरला चकवतो.

पॉइंटवर परत जायची गरज नाही. काढलेली पॉइंट प्लेट कंडेन्सरसकट पिशवीत घालून गाडीत ठेवा. आडरानात मॉड्यूल गेलं तर तीच घरी आणेल.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी गाडी चालूच होत नाही, डिस्ट्रिब्युटर कॅप पुसली की होते. दर पावसाळ्यात नवी कॅप घ्यावी लागते. कॅप एवढ्या लवकर का जाते?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : ओल ही सुरुवात असते, कॅप मारतो तो कार्बन. ओल्या पृष्ठभागावरून करंट सरपटला की मागे केसासारखी बारीक काळी रेघ सोडतो. ती रेघ स्वतः वाहक असते, म्हणून कॅप कोरडी झाली तरी करंट तिथूनच पळतो. खरवडून चार दिवस निघतात, टिकत नाही.

रात्री अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा. निळसर ठिणग्या कुठून कुठे उडतात ते थेट दिसेल: वायरच्या टोकाच्या रबरी बुटाखाली, कॉइलच्या टॉवरवर की कॅपच्या भेगेत. हात लावू नका. नवी कॅप घालताना वायरी जुन्याच ठेवल्या तर झिजलेल्या वायरी तिलाही खातात. वायर, बूट आणि कॅप एकदम बदला, बुटाच्या आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. कॅपमधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर मोकळा खालीवर होतो का, तेही बघा. तो अडकला की मध्ये एक जादा ठिणगी उडत राहते आणि कॅप आतून जळते.

डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला खाली हवेचं लहानसं भोक असतं. ते चिखलाने बुजलं की आतला ओझोन आणि दमटपणा कोंडतो आणि रोटर-कॅपच्या पितळेवर हिरवट थर धरतो. पावसाळ्याआधी ते तारेने मोकळं करा. भोक वरच्या बाजूला येईल असा डिस्ट्रिब्युटर फिरवून बसवला असेल तर पाणी थेट आत जातं.

रोटरही सुटू देऊ नका. कॅप काढून कॉइलची जाड वायर इन्शुलेटेड पक्कडीने रोटरच्या पट्टीपासून पाच-सहा मिमीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. रोटरवर ठणठणीत ठिणग्या पडत राहिल्या तर करंट रोटर भेदून शाफ्टमध्ये जातोय. फेका तो.

प्रश्न : पॉइंटला पॉलिश पेपर मारावा का? आणि नवीन घेताना चांगला कसा ओळखायचा?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रस्त्यात अडकलात तर मारा, घरी पोहोचल्यावर बदला. पॉलिश पेपरचे कण टंग्स्टनच्या तोंडात रुततात आणि तिथूनच पुढची जळण सुरू होते. हाताशी पॉइंटची पातळ कानस असेल तर ती एक-दोनदा फिरवा, खड्डा पूर्ण काढायच्या मागे लागू नका. मग कोऱ्या कागदाची पट्टी तोंडात धरून ओढा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. नवा पॉइंट बसवतानाही हे कराच, कारण गंज धरू नये म्हणून कारखान्यात लावलेला तेलकट थर त्यावर असतो आणि तो पहिल्याच दिवशी जळून काळा होतो.

घेताना चार गोष्टी बघा. दोन्ही तोंडं समोरासमोर आणि पूर्ण टेकली पाहिजेत, कड-कडेला नाही. तोंडाचा रिवेट नखाने हलता कामा नये. स्प्रिंग ताणलेली आणि तिच्या टोकाची वायर नुसती दाबलेली नसून नीट जोडलेली हवी. टाच फायबरची, गुळगुळीत, जागेवर घट्ट. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.